दुकानाच्या चार सुट्ट्या कुणाच्या सणाला द्यायच्या?

पेठेतली_हार्डवेअरवाली

नमस्कार मंडळी. पुण्यात पेठेत आमचं हार्डवेअर आणि पॉवर टूल्सचं दुकान आहे. मागे दुरुस्तीची खोली, जवळच गोडाऊन, माणसं सगळी मिळून बारा-चौदा. सासऱ्यांनी उभं केलेलं दुकान आता मी आणि माझे दीर बघतो.

नव्या वर्षाची सुट्ट्यांची यादी लावायची आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार कायद्यानेच ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. आमच्याकडे वर्षानुवर्षं धुळवड, अनंत चतुर्दशी, दसरा आणि भाऊबीज ही यादी भिंतीवर लागते. सासऱ्यांच्या काळात सगळी माणसं भोर-वेल्ह्याकडची, त्यामुळे ती सगळ्यांना लागू पडायची. आता काउंटरवर भोरचे दोघं, दुरुस्तीला बिहारची तीन मुलं, गोडाऊनला मोमीनपुऱ्यातला एक आणि कोंढव्याचा एक, हिशेबाला येरवड्याच्या ताई. ताई दरवर्षी १४ एप्रिलला रजा टाकतात आणि ती त्यांच्या खात्यातून जाते. गोडाऊनच्या दोघांचं ईदला तेच. भाऊबीज मात्र सगळ्यांना पगारी.

मला हे न्यायाचं वाटत नाही. दिरांचं म्हणणं, यादी एकच हवी, प्रत्येकाचा सण वेगळा धरला तर महिन्याआड कुणीतरी गैरहजर. तुमच्या दुकानात, कारखान्यात, ऑफिसात प्रत्यक्ष काय चालतं ते सांगा.

लक्ष्मीरोडवासी

अनंत चतुर्दशी यादीतून काढा. मंडईतून मिरवणूक निघाली, मानाचे पाच गणपती मार्गाला लागले की पेठांतले रस्ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपले राहत नाहीत. गिऱ्हाईक दुकानापर्यंत पोचूच शकत नाही. म्हणजे त्या दिवशी दुकान बंद असतं ते तुमच्या सोयीने. ती सुट्टी माणसांच्या चारमध्ये का मोजायची? मी ती वेगळी देतो, वर्षाच्या हिशेबात धरत नाही.

ढोल_ताशा

काढू नका हो! काउंटरवरची मुलं पथकात असतील तर त्यांना वर्षातली तीच एक सुट्टी हवी असते. जुलैपासून नदीकाठी सराव चालतो.

लक्ष्मीरोडवासी

@ढोल_ताशा, सुट्टी काढा म्हणत नाही, मोजू नका म्हणतो. मुलं वाजवतीलच, मीही बघायला येईन.

कामगार_सल्ला

या विषयातलं काम करते म्हणून कायद्याचं थोडं लिहिते, कारण यात गैरसमज फार आहेत.

महाराष्ट्रात दुकानं आणि खासगी कार्यालयांना २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम लागू आहे. मूळ कायद्यात दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना यात यायची, २०२५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा वीसवर नेली. त्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार म्हणजे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेल्या ठरलेल्या तारखा. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांच्यात वर्ष सुरू होण्याआधी ठरायला हव्यात. ‘ठरायला’ हा शब्द महत्त्वाचा. मालकाने यादी करून भिंतीवर चिकटवली की ठरलं, असं होत नाही. या आठांपैकी कुठल्याही दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार द्यायचा आणि बदली सुट्टीही द्यायची. बहुतेक ठिकाणी दोहोंपैकी एकच मिळतं.

दुसरं, कॅलेंडरवर लाल रंगात दिसणाऱ्या सरकारी सार्वजनिक सुट्ट्या. ती अधिसूचना १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम २५ खाली निघते. मूळ प्रश्न हुंडी-धनादेशाची मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर काय, हा होता. त्यामुळे ती यादी बँकांना लागू होते, खासगी दुकानाला आपोआप लागू होत नाही. कॅलेंडर लाल आणि दुकान उघडं, असं दिसतं ते यामुळे.

आणि मतदानाच्या दिवसाची पगारी सुट्टी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे वेगळी. ती आठात धरायची नाही.

भोसरीकर_लेथ

आमचं वर्कशॉप आहे. आम्हाला कारखान्याचा कायदा, त्यामुळे सणाच्या सुट्ट्या कामगारांशी होणाऱ्या करारावर. साप्ताहिक सुट्टी आमच्या भागात गुरुवारी. आमची मुलं शाळेत जायची तेव्हा आमचा रविवार कामाचा आणि त्यांचा गुरुवार शाळेचा, हे दुखणं इथल्या पुष्कळांनी काढलंय.

आमच्याकडे सगळ्यात मोठा दिवस खंडेनवमीचा. आदल्या संध्याकाळी मशीन थांबवून चिप काढायची, ऑइल पुसायचं, बेड चकचकीत करायचा. सकाळी व्हर्निअर, मायक्रोमीटर, पाने सगळं टेबलावर मांडायचं, झेंडूच्या माळा, नारळ, कोहळा. घरची माणसं येतात. बायको-पोरांना बाप नेमका कुठल्या मशीनवर उभा असतो हे त्या दिवशी दिसतं. बिहार-झारखंडच्या मुलांनी सांगितलं, आमच्याकडे हे सगळं १७ सप्टेंबरला, विश्वकर्मा पूजेला होतं. तेव्हापासून त्या दिवशीही दुपारनंतर मशीन बंद. पूजा तीच मुलं करतात, प्रसादाची बुंदीही तीच आणतात.

ताई, तुमच्या दुरुस्तीच्या मुलांना भाऊबीज देऊन उपयोग नाही. त्यांना छठ हवी. छठ म्हणजे कार्तिक शुद्ध षष्ठी, दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. घरी पोचायलाच दीड दिवस. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून कमी केलं. म्हणजे सप्टेंबरात नक्की सांगितलं नाहीत तर दानापूर गाडीचं तिकीट हातचं गेलं. मग मुलगा न सांगता जातो, आपण म्हणतो बेभरवशाचा. त्याला तारीख कुणी दिलीच नव्हती.

हिशेबी_माणूस

सगळ्यांच्या भावना मान्य, पण जरा गल्ल्यावर बसून बघा. ऑनलाइनवाले चोवीस तास विकतात. हार्डवेअरचं गिऱ्हाईक म्हणजे प्लंबर, सुतार. त्याचं काम अडलेलं असतं, तो पुढच्या दुकानात जातो आणि तिकडचाच होतो. याच २०१७ च्या कायद्याने दुकान वर्षभर रोज उघडं ठेवायची मुभा दिली ती यासाठीच. दहा माणसांच्या दहा याद्या ठेवणं मोठ्या कंपनीला जमतं, तिथे माणूस बसवलेला असतो. तुमचे दीर चुकीचं बोलत नाहीत.

कामगार_सल्ला

@हिशेबी_माणूस, मुभा दुकानाला आहे, माणसाला नाही. दुकान ३६५ दिवस उघडं ठेवा, पण प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते. आणि दुकान रोज उघडं ठेवायचं असेल तर वेगवेगळ्या सणांची माणसं असणं ही तुमची सोयच आहे.

मालेगावचा_साचेवाला

अगदी हेच लिहायला आलो होतो. आमच्याकडे यंत्रमागाला शुक्रवारी सुट्टी. सगळं शहर त्या तालावर चालतं, मालाची गाडी, सूताचा व्यापारी, चहावाला, सगळ्यांना ठाऊक. माझा हिशेबनीस ब्राह्मण, त्यालाही शुक्रवारच. त्याने कधी तक्रार केली नाही, पण गणपतीचे पाच दिवस तो येत नाही आणि त्याचा पगार कापायचा विचार कुणाच्या मनातही येत नाही.

ईदच्या तारखेची भीती घालतात लोक, चंद्रावर अवलंबून म्हणून. एक दिवस इकडेतिकडे, त्यात काय अवघड? २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईच्या खिलाफत कमिटीने जुलूस पुढे ढकलला आणि सरकारने २९ ला सुट्टी दिली. २०२४ मध्ये विसर्जन १७ सप्टेंबरला होतं, तर मुंबईत ईदची सुट्टी १६ वरून १८ वर नेली. एवढ्या मोठ्या शहराला जमलं. चौदा माणसांच्या दुकानाला का जमू नये?

सावली_कांबळे_नव्हे_फक्त_सावली

पहिल्या पोस्टमधल्या येरवड्याच्या ताईंबद्दल वाचलं आणि लिहिल्यावाचून राहवेना.

१४ एप्रिलला माझ्या आईने आयुष्यभर रजा टाकली. एका खासगी दवाखान्यात ती स्वागतकक्षात होती. सरकारी यादीत तो दिवस सुट्टीचा आहे, बँक बंद, शाळा बंद, आणि तिला दरवर्षी अर्ज लिहून कारण भरायचं. ‘घरगुती’ असं लिहायची. खरं कारण लिहिलं तर समोरचा चेहरा बदलतो, हे तिला अनुभवाने माहीत होतं. सुट्टी मिळायची नाही असं नव्हतं. मागावी लागायची, आणि मागताना खोटं लिहावं लागायचं.

६ डिसेंबर त्याहून वेगळा. तो सणाचा दिवस नाही. आम्ही दादरला जायचो, चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभं राहायचो आणि परत येताना शिवाजी पार्कातल्या स्टॉलांवरून पुस्तकं घ्यायचो. विदर्भ-मराठवाड्यातून शिदोरी बांधून आलेली माणसं त्या स्टॉलांवर पैसे मोजून पुस्तकं घेताना दिसतात. त्या दिवसासाठी रजा टाकणाऱ्या माणसाला विचारू नका की काय साजरं करणार आहात.

ताई, तुमच्या यादीत १४ एप्रिल छापील अक्षरात आला, तर तुमच्या हिशेबनीस बाईंना अर्ज लिहावा लागणार नाही. माझ्या दृष्टीने एका दिवसाच्या पगारापेक्षा ते मोठं आहे.

पेठेतली_हार्डवेअरवाली

सावली, मनापासून आभार. हा प्रतिसाद मी दिरांना वाचून दाखवला.

डोंबिवली_फास्ट_नाही

दुकानांचं बोलताय तर सोसायट्यांचंही बोलू. आमच्याकडे २६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन, मग सत्यनारायण, संध्याकाळी हळदीकुंकू आणि मुलांच्या स्पर्धा. मुंबई-ठाण्यातल्या किती सोसायट्यांत हे असंच चालतं! प्रजासत्ताक दिनाला सत्यनारायण का, तर सगळे घरी असतात म्हणून. मला ही सोय आवडते, इमारतीतले लोक एकमेकांना वर्षातून त्या एका दिवशी नीट भेटतात.

पण त्या दिवशी वॉचमन डबल ड्युटी करतो, सफाईवाल्या मावशी मांडव उतरेपर्यंत थांबतात. त्यांच्या हातावर प्रसाद आणि पन्नासची नोट. मी कमिटीत आल्यावर ठराव मांडला की या दिवशी बाहेरच्या माणसांना जादा पैसे हिशेबात लिहून द्यायचे आणि पुढच्या आठवड्यात बदली सुट्टी. विरोध कुणी केला असेल? ज्यांच्या स्वतःच्या ऑफिसात बदली सुट्टी मिळते त्यांनीच. ठराव शेवटी झाला.

परळकर_आजोबा

सुट्टी हा विषय निघाला आणि नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहितो. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या काळी गिरणीत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. वर्षानुवर्षं अर्ज, सभा चालल्या आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवार आकाशातून पडल्यासारखा वापरतो.

मी साचेखात्यात होतो. दसऱ्याला साच्याला झेंडूची माळ घालायची, खात्यात फोटो लावून पूजा, पेढे, आणि घरच्यांना गिरणी बघायला परवानगी. आवाज बंद असायचा. एरवी साचेखात्यात बोलायचं तर हातवारे करावे लागत. त्या दिवशी साच्यांमध्ये उभं राहून माणसं साध्या आवाजात बोलायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि नंतर ते सगळंच गेलं. भोसरीकरांनी खंडेनवमीचं लिहिलं ते वाचून फार बरं वाटलं. पोरांना मशीन दाखवता ते सोडू नका.

भोसरीकर_लेथ

आजोबा, नमस्कार. यंदा तुम्हीच या नारळ फोडायला.

म्हापसेकार

गोंयात चवथीचं सांगतो. चतुर्थीला आमच्याकडे सरकारी दोन दिवस सुट्टी, पण बाजार त्याहून जास्त थंडावतो. आदल्या दिवसापर्यंत माटोळीच्या (गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या) सामानाला पाय ठेवायला जागा नसते आणि चतुर्थी उजाडली की म्हापशात चहाचा गाडासुद्धा सापडणं कठीण. बसेस कमी. कुणी नियम केलेला नाही, जो तो गावच्या घरी गेलेला.

माझं काम हॉटेल लाइनचं. नाताळ-नवीन वर्ष हा धंद्याचा भर, तेव्हा सुट्टी कुणालाच देता येत नाही. ख्रिस्ती मुलांना नाताळात थांबवायचं आणि भरपाई काय द्यायची, हा प्रश्न दरवर्षी. आमच्या जागी उपाय असा निघाला की प्रत्येकाला एक दिवस आपल्या गावचा. कुणाचं फेस्त, कुणाची जत्रा, शिरगावची लईराई असो की फातर्प्याची शांतादुर्गा. तो दिवस मागितला की मिळतो, कितीही गर्दी असो. कोकणातल्या मंडळींना शिमग्याचं हेच सांगावं लागणार नाही.

चाकरमानी_गुहागर

शिमग्याला पालखी दारात येते, तेव्हा घर बंद ठेवता येत नाही. नोकरी सोडून गेलेली माणसं बघितली आहेत मी. म्हापसेकारांच्या मालकाला माझा दंडवत.

संत्रानगरी

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकरं लाकडी बैल सजवून नेतात, त्याच दिवशी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते, सगळी इतवारी रस्त्यावर. ही सुट्टी मुंबई-पुण्याच्या यादीत नसते. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, पण ती सरकारी कचेऱ्यांपुरती. कंपनीचं मुख्य कार्यालय पुण्यात असेल तर आमच्या लेकरांचे बैल आजोबाच घेऊन जातात. यादी पुण्यात बसून नका करू भाऊ, एवढंच म्हणतो.

आउग्सबुर्गहून

स्थानिक सुट्टीवरून आठवलं. मी जर्मनीत आउग्सबुर्गला असते. इथे ८ ऑगस्टला शांततेचा सण असतो, १६५० पासूनचा, आणि त्याची सार्वजनिक सुट्टी फक्त या शहराच्या हद्दीत! शेजारच्या गावात दुकानं उघडी, आमच्याकडे बंद. १ मेलाही सगळं कडकडीत बंद. आदल्या दिवशी दूध-पाव आणला नसेल तर पेट्रोल पंप गाठायचा.

पण इथेही सगळं छान नाही. सुट्टी रविवारी आली तर गेली, बदली मिळत नाही. आणि गणपतीला, दिवाळीला मी माझ्या वार्षिक रजेतूनच दिवस काढते. सावलीने लिहिलं ते मला इथे येऊन कळलं. पुण्यात असताना माझे सण यादीत आयते असायचे, म्हणून यादीकडे माझं कधी लक्षच गेलं नाही.

हिशेबी_माणूस

बरंच पटतंय. तरी एक शंका आहे. लक्ष्मीपूजनाला दुकान बंद ठेवता का? आमच्यात त्या दिवशी उघडं ठेवणं हाच सण. शेअर बाजारसुद्धा त्या दिवशी मुहूर्ताचा सौदा करतो, मुंबई शेअर बाजारात १९५७ पासून चालू आहे. वहीपूजन झालं की पहिली पावती फाडायची असते.

लक्ष्मीरोडवासी

उघडंच. पण पूजेनंतर माणसांना घरी सोडतो, दुप्पट पगाराने. आणि बोनस त्याच्या बऱ्याच आधी, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हातात पाकीट दिलं तर तो खरेदी कधी करणार?

काउंटरवरून

मी इतर वेळी फक्त वाचते. साड्यांच्या दुकानात सेल्सला आहे, गाव सांगत नाही. सगळे मालक बोलताहेत म्हणून लिहिते.

आम्हाला किती सुट्ट्या यापेक्षा कधी, ते आधी कळलं पाहिजे. आमच्याकडे आदल्या रात्री शटर ओढताना सांगतात, उद्या या किंवा उद्या नका येऊ. एकदा भाऊबीजेला सकाळी फोन आला की उघडतोय. भाऊ पुण्याहून निघालेला होता. दुप्पट पगार वगैरे मी इथेच पहिल्यांदा वाचला. बसायला स्टूल मागितला तरी तोंड वाकडं होतं तिथे हा विषय मी एकटी काढू शकत नाही. म्हणून ज्या ताईंनी स्वतःहून विचारलं त्यांना सांगते, तुमच्या माणसांना एकेकटं विचारू नका. एकेकटं विचारलं की तो ‘तुम्ही द्याल ती चालेल’ म्हणतो. सगळ्यांना बसवून कागद-पेन द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा.

कामगार_सल्ला

@काउंटरवरून, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं झालं. सगळ्यांनी मिळून, नाव न देता, जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज करता येतो. अर्जाचा मसुदा हवा असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, पैसे नाहीत.

पेठेतली_हार्डवेअरवाली

‘काउंटरवरून’ यांनी सांगितलं तसंच केलं. कागद त्यांच्याकडे देऊन आम्ही दोघं बाहेर चहाला गेलो. त्यांनी ठरवलं ते असं: दसरा आणि धुळवड सगळ्यांना समान, दोन प्रत्येकाच्या पसंतीच्या. ताईंनी १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा, गोडाऊनच्या दोघांनी दोन्ही ईद, भोरच्यांनी भाऊबीज आणि गावची जत्रा, बिहारच्या मुलांनी दोन्ही दिवस छठला जोडून. अनंत चतुर्दशी लक्ष्मीरोडवासींच्या सांगण्याप्रमाणे हिशेबाबाहेर.

दिरांनी एकच अडचण काढली, आणि ती खरी आहे. छठला दुरुस्तीची तिन्ही मुलं एकदम जाणार. तेव्हा ग्राइंडर, ड्रिल घेऊन येणाऱ्यांना काय सांगायचं? कामगार_सल्ला, पसंतीच्या सुट्ट्या कागदावर कशा लिहायच्या तेही सांगा.

कामगार_सल्ला

प्रत्येकाच्या नावापुढे दोन तारखा आणि सही, खाली तुमची सही, कागदावर ३१ डिसेंबरच्या आतली तारीख. एक प्रत भिंतीवर लावा, तिथे हिंदीतही लिहा.

मालेगावचा_साचेवाला

ईदच्या रकान्यात तारखेपुढे ‘चंद्रदर्शनाप्रमाणे’ असं लिहा, म्हणजे ऐन वेळी वाद नको.

भोसरीकर_लेथ

दुरुस्ती त्या आठवड्यात बंदच ठेवा. दसऱ्यापासून दारावर पाटी लावा आणि प्रत्येक पावतीवर शिक्का मारा, ‘छठनिमित्त दुरुस्ती विभाग अमुक ते अमुक बंद’. आमची गिऱ्हाइकं आता दिवाळीआधीच मोटारी आणून टाकतात. अडलेल्यासाठी दोन-तीन ग्राइंडर भाड्याने द्यायला ठेवा. आणि मुलांना सप्टेंबरात तिकिटाला थोडी उचल द्या, ती जानेवारीपासून कापून घ्या.